गोठलेल्या तळ्यावर गरवायचं कसं?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात ऑफिसमधला एक जण म्हणाला, "शनिवारी मासे पकडायला येतोस का?" बाहेर पारा उणे १८ सेल्सिअसवर. मी मूळचा मालवणकडचा. गरी, तंगूस (गळाची दोरी), शिसं हा सरंजाम शाळेत असल्यापासून हाताळलेला. जाणत्याच्या थाटात विचारलं, "होडी कुठून सुटते?" तो म्हणाला, "होडी कशाला? चालत जायचंय."

मी सुती मोजे घालून गेलो. सहा तासांत पर्च नावाचा एक बोटभर मासा मिळाला आणि पायाची बोटं रात्री जेवताना कुठे जागी झाली. त्याला बरेच हिवाळे झाले. इथे नव्याने आलेले मराठी मित्र दर डिसेंबरला तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. नियम सांगतोय ते मिनेसोटाचे. विस्कॉन्सिन, मिशिगन किंवा कॅनडात असाल तर तिथले आधी वाचा.

आधी बर्फ

मासा मिळाला नाही तर घरी येऊन आमलेट करता येतं. बर्फाचा अंदाज चुकला तर घरी येताच येईल असं नाही. म्हणून पहिली पायरी हीच, आणि सगळ्यात लांबही हीच.

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. ते तळाशी बसतं, त्याहून थंड झालेलं हलकं पाणी वर राहतं आणि तिथेच गोठतं. म्हणून वर माणसं कुडकुडत असताना खाली मासे आपापले संसार करत असतात. बर्फ म्हणजे त्यांच्या डोक्यावरचं झाकण, आणि गोम अशी की हे झाकण सगळीकडे सारखं जाड नसतं.

राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचे (इथे सगळे डीएनआर म्हणतात) आकडे पाठच करा. चालत जायला किमान ४ इंच. स्नोमोबिलला ५ ते ७, लहान मोटारीला ९ ते १०, मध्यम पिकअपला १३. हे सगळं नव्या, टणक, काचेसारख्या पारदर्शक बर्फाचं. दुधाळ पांढरा बर्फ म्हणजे भिजलेलं हिम पुन्हा गोठून झालेला. त्याची ताकद निम्मी, त्यामुळे जाडी दुप्पट हवी. पहिल्या वर्षी मोटार बर्फावर नेऊ नका. लोक तुमच्या डोळ्यांदेखत नेतील, तरीही.

जाडी मोजायची ती दुसऱ्याच्या पाऊलखुणा बघून नाही. त्यासाठी लागते पहार. इथे तिला 'स्पड बार' म्हणतात, टोकाला छिन्नीसारखी धार असते, पण वस्तू आपलीच. किनाऱ्यापासून निघताना प्रत्येक दोन पावलांवर पुढ्यात जोरात हाणायची. एका घावात पाणी वर आलं तर आल्या वाटेने मागे. नाही आलं तर पुढे जाऊन भोक पाडायचं, टोकाला आकडी असलेली मोजपट्टी आत सोडून ती आकडी बर्फाच्या खालच्या कडेला अडकवायची आणि जाडी वाचायची. दर १५० फुटांवर हे पुन्हा. कंटाळा येतो, तरी करायचं.

काही जागा मुळातच टाळायच्या: ओढा तळ्यात शिरतो ते तोंड, पुलाखालचा भाग, दोन तळ्यांमधली अरुंद खाडी, झरे असलेली जागा, आणि बर्फाचे दोन पट्टे एकमेकांवर चढून उंचवटा झालाय ती रेघ. जाड हिमाची रजई पांघरलेल्या जागीही सावध राहा. रजईखाली ऊब असते, बर्फ कमी धरतो. मोठ्या तळ्यांवर वाऱ्याचाही हिशोब ठेवावा लागतो. २०२३च्या डिसेंबरअखेर अप्पर रेड लेकवर बर्फाचा भला मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला, आणि त्यावरच्या शंभराहून जास्त लोकांना सोडवून आणावं लागलं.

बर्फ आवाज करतो. पहिल्यांदा तो 'डुंऽऽग' ऐकला तेव्हा मी पहार टाकून पळालो होतो, बाकीचे हसत होते. गारठ्याने बर्फ आकसतो, फुगतो, त्याचा तो आवाज. थंडीत बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. मार्चमध्ये मात्र गप्प बर्फही फसवतो. उन्हाने त्याच्या उभ्या कांड्या सुटतात आणि फूटभर जाडीचा बर्फही पायाखाली भुगा होतो. त्या दिवसांत मोजपट्टीवर भरवसा ठेवू नका.

पाण्यात पडलात तर

हे नुसतं वाचून सोडून देऊ नका, घरी एकदा तोंडपाठ म्हणून बघा. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्यात शरीराचं काय होतं यावर अनेक वर्षं काम केलंय. त्यांचा हिशोब १-१०-१ असा आहे: १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. म्हणजे पहिलं मिनिट धडपडायचं नाही, फक्त डोकं वर ठेवून श्वास घ्यायचा. मग ज्या दिशेने आलात तिकडे तोंड करायचं, कारण तिथल्या बर्फाने तुम्हाला थोड्या वेळापूर्वी पेललं होतं. गळ्यात दोरीने अडकवलेले दोन टोचे असतात, मुठीएवढे, पुढे खिळा असलेले. ते बर्फात रुतवायचे, पाय मागे आडवे करून पोहल्यासारखे मारायचे आणि पोटावर सरकत बाहेर यायचं. बाहेर आल्यावर उभं राहायचं नाही, लोळत दूर जायचं. टोचे पिशवीत ठेवले तर उपयोग शून्य. लाइफ जॅकेट घाला. कुणी हसलं तर हसू द्या. एकट्याने जाऊ नका, आणि कुठल्या तळ्यावर, किती वाजेपर्यंत, हे घरी सांगून निघा.

लायसन्स

१६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागतं. राज्यात ६० दिवस राहिलात की रहिवाशांच्या दरात मिळतं. डीएनआरच्या संकेतस्थळावर किंवा आमिषाच्या दुकानात. दुकानातून घ्या असं मी म्हणेन, कारण दुकानदाराला त्या आठवड्यात कुठल्या तळ्यावर किती बर्फ आहे ते ठाऊक असतं. किती मासे ठेवायचे, किती लांबीचे, कुठल्या माशाचा मोसम कधी बंद, हे तळ्यागणिक बदलतं, तेही तिथेच विचारून घ्या.

कपडे आणि सामान

सुती काही नको, अंगात नको, पायात तर मुळीच नको. घामाने ओलं झालेलं सूत बर्फापेक्षा वाईट. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर जाड स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट आणि पँट. बूट एक नंबर मोठे, आत जाड लोकरी मोजा मावेल असे, खाली खिळ्यांच्या पट्ट्या. हातमोज्यांचे दोन जोड, कारण एक भिजणारच.

सामान थोडकं: २४ ते ३० इंचांची छोटी काठी आणि रीळ, ४ ते ६ पौंडी तंगूस, शिशाच्या गोळीला जोडलेली गरी म्हणजे जिग, डबाभर मेणकिडे किंवा बादलीत मिनो नावाचे बारीक मासे. बसायला उलटी बादली. आणि भोक पाडायला ऑगर. सुताराचं गिरमिट आठवा, तेच माणसाच्या कमरेएवढं. हातानं फिरवायचं ६ इंची घ्या. ८ इंची विकत घेणारा नवशिका तिसऱ्या भोकापर्यंत मेटाकुटीला येतो.

सोबत एक झाराही हवा. भोकात बर्फाचा चुरा साठतो, तो उपसायला. मी पहिल्यांदा स्वयंपाकघरातला भज्यांचा झारा नेला होता. दांडा आखूड, मोजा मनगटापर्यंत ओला, आणि झारा तळ्याच्या तळाशी. बायकोने अजून तो विषय सोडलेला नाही.

एवढं सगळं जमवण्याआधी एकदा चव बघायची असेल, तर मिनीआपोलिसपासून साधारण १०० मैलांवर मिल लॅक्स आहे. सुमारे ५३० चौरस किलोमीटरचं तळं, आणि खोली जेमतेम ४२ फूट. काठावरचे रिसॉर्टवाले बर्फावर गरम खोपटं भाड्याने देतात, भोकं पाडलेली असतात. स्वतःचा तंबू नेऊन आत प्रोपेनचा हीटर लावणार असाल तर हवा खेळायला फट ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. या वायूला वास नसतो. माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही.

भोक आणि खोली

डीएनआरच्या संकेतस्थळावरच्या लेकफाइंडर या पानावर तळ्यांच्या खोलीचे नकाशे असतात. उथळ भाग संपून तळ एकदम खाली उतरतो ती कड शोधा. एका जागी खिळून बसू नका. त्या उतारावर काठाकडून खोलाकडे पाच-सहा भोकं पाडून मगच बसा. नंतर ठकठक केलं की खालचे मासे बिथरतात.

ऑगर उभा धरा, वरची मूठ स्थिर ठेवा, पात्याला त्याचं काम करू द्या. पाणी उसळलं की झटक्यात वर ओढा, चुरा सोबत येतो. मग गरीला जड शिसं लावून तळाला टेकेपर्यंत सोडा. तळ लागला की तंगूस सैल पडतो. तिथून फूटभर वर आमिष राहील अशी खूण करा.

गरवणं

समुद्रावर गरवणाऱ्याचा हात इथे आधी शांत करावा लागतो. थंड पाण्यात माशाचं अंग मंदावलेलं असतं, तो झडप घालत नाही. काठी सहा इंच उचला, सोडा, मग थांबा. मोजून दहा सेकंद. चावा बहुधा या थांबण्यातच येतो, तोही इतका हलका की काठीचं टोक नुसतं जड झाल्यासारखं वाटतं. जड वाटलं की मनगटाने छोटा झटका.

पर्च दिवसा तळाशी कळपाने फिरतो. शिसं चिखलात आपटून थोडा धुरळा उडवला की बघायला येतो. क्रॅपी मधल्या पाण्यात तरंगतो आणि वर बघून खातो, म्हणून आमिष त्याच्या वर हवं. वॉलआय हा राज्याचा अधिकृत मासा, १९६५ पासून. त्याचे डोळे मांजरासारखे चमकतात, अंधुक उजेडात त्याला इतरांपेक्षा जास्त दिसतं. म्हणून तो सूर्यास्ताच्या आधी-नंतरच्या तासाभरात लागतो, आणि नेमकी तेव्हाच तुमची बोटं संपावर जातात. अर्ध्या तासात काहीच नाही लागलं तर पुढच्या भोकावर जा.

हिवाळ्यात माणशी दोन गळ चालतात. दुसऱ्या भोकावर टिप-अप ठेवा: मासा ओढ देतो तेव्हा छोटा झेंडा ताडकन उभा राहतो. त्यापासून २०० फुटांच्या आत राहायचं असा नियम आहे. झेंडा दिसला की पोरंच काय, पन्नाशीची माणसंही धावत सुटतात.

मासा वर आला की त्याचं डोकं भोकात सरळ येऊ द्या, कडेला घासला तर तंगूस तुटतो. नॉर्दर्न पाइक असेल तर तोंडात बोट घालू नका, पक्कड वापरा. सोडायचा मासा बर्फावर ठेवू नका. कल्ले आणि डोळे क्षणात गोठतात. भोकावरच गरी काढा आणि आत सोडा.

निघताना मिनोचं पाणी तळ्यात ओतायला बंदी आहे, उरलेला मिनो सोडायलाही. भोकावर एखादी फांदी उभी करा, अंधारात कुणाचा पाय जाऊ नये म्हणून.

घरी आल्यावर

पर्च आणि वॉलआयचे काटे सहज निघतात. नॉर्दर्नला वाय आकाराचे काटे असतात, त्याला वेळ द्या. मोठ्या, जुन्या माशांत पारा साठतो, म्हणून गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी राज्याने घालून दिलेलं प्रमाण बघून घ्या. तळायला मध्यम मासाच चांगला. वॉलआय गोड्या पाण्यातला असल्याने त्याला समुद्राची चव नाही, पण पोत मुडदुशीच्या जवळ जातो. हळद, मीठ, मालवणी मसाला आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवा, मग तांदळाचं पीठ आणि रवा मिसळून त्यात घोळवा. तवा नीट तापू द्या आणि एक बाजू पूर्ण खरपूस होईपर्यंत उलटू नका, मांस नाजूक आहे, तुटतं.