गटकार्य खरंच गटाचं कसं करायचं: जिगसॉ पद्धत

गट पाडले, चार्ट पेपर दिला की बहुतेक वर्गांत काय होतं, एक हुशार मुलगी सगळं लिहिते, दुसरा कुणीतरी रंग भरतो आणि बाकीचे दोघं नुसते बसून राहतात. प्रत्येक पोराकडे गटात दुसऱ्या कुणाकडेच नाही असं काहीतरी असलं पाहिजे, तरच ते सहकारी अध्ययन, असं माझं स्पष्ट मत आहे. जिगसॉ म्हणजे तुकडे जोडून चित्र पूर्ण करायचं कोडं, आणि त्यावरून नाव पडलेल्या जिगसॉ पद्धतीत नेमकं हेच होतं: धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाकडे असतो.

1971 मध्ये अमेरिकेत ऑस्टिन शहरातल्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं एका वर्गात बसायला लागली आणि तणाव वाढला, तेव्हा एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांबरोबर ही पद्धत काढली. आपल्याकडेही कोण कुणाशेजारी बसतं ते बघा, मग याची गरज कळते.

समजा 24 मुलं आहेत. चार-चारचे सहा गट करा, पण गट तुम्हीच पाडा, मुलांवर सोडलं की मित्र-मित्र एकत्र येतात. विषय महाराष्ट्रातल्या नद्या. प्रत्येक गटात चार चिठ्ठ्या द्यायच्या, गोदावरी, कृष्णा, भीमा, तापी, प्रत्येक मुलाला एक. चिठ्ठी लिहिताना एक युक्ती करा, भीमेच्या चिठ्ठीत ती भीमाशंकरला उगम पावते आणि पुढे कृष्णेला मिळते एवढंच लिहा, कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते हे कृष्णेच्या चिठ्ठीत. मग "भीमेचं पाणी कुठल्या समुद्रात जातं?" याचं उत्तर एकट्या कुणालाच देता येत नाही, दोघांना बोलावंच लागतं. तापी तर उलट पश्चिमेला वाहते, त्यावरही मस्त चर्चा होते.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, तज्ज्ञ गट, म्हणजे सगळ्या गटांतली एकाच नदीची चिठ्ठी मिळालेली मुलं एकत्र. सगळे भीमावाले एका कोपऱ्यात, तापीवाले दुसऱ्या, दहा-बारा मिनिटं. हा टप्पा प्लीज घाईत उरकू नका, कारण ज्याला वाचायला जड जातं ते पोर इथेच तयार होतं. एकाने मोठ्याने वाचायचं, मग प्रत्येकाने आपल्या शब्दांत एकदा बोलून दाखवायचं. तुम्ही तिथेच जाऊन बसा, बुजऱ्या मुलाला वेळ द्या, त्याच्या तोंडातले शब्द काढून घेऊ नका.

मग चिठ्ठ्या गोळा करा आणि मुलांना मूळ गटात पाठवा. चिठ्ठी हातात राहिली तर मुलं नुसती वाचून दाखवतात, शिकवत नाहीत. प्रत्येकाला तीन-चार मिनिटं, बाकीच्यांनी मध्ये न तोडता ऐकायचं, नंतर प्रश्न विचारायचे. वर्गात गलका होणार, शेजारच्या वर्गावरच्या बाईंना आधीच सांगून ठेवा. कुणी गैरहजर असेल तर त्याची नदी गटातल्या दुसऱ्याला द्या, आणि एखादा जास्त असेल तर एका चिठ्ठीवर जोडी.

शेवटी चारही नद्यांवर छोटी चाचणी, प्रत्येकाने एकट्याने सोडवायची. गटाला मिळून मार्क देऊ नका, नाहीतर हुशार पोरं परत सगळं आपल्याकडे ओढतात. गट तीन-चार आठवडे तेच ठेवा, पहिल्या वेळी मुलं अवघडतात, दुसऱ्या-तिसऱ्या धड्याला मोकळी बोलायला लागतात.