वेल्डेड पाईप घेताना आणि बसवताना या चुका टाळा

कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये पाईप घ्यायला आलेला माणूस हमखास विचारतो, सीमलेस (बिनजोडाचा) आहे की जोडवाला? जोडवाला म्हटलं की चेहरा पडतो. पाण्याच्या, हवेच्या, शेडच्या कामाला ही भीती उगाच आहे, नीट बनवलेला ईआरडब्ल्यू (विजेच्या उष्णतेने कडा जोडलेला) पाईप जोडावर फुटत नाही, तो वापरण्यातल्या चुकांनी जातो.

आधी तो बनतो कसा ते बघा. स्टील पत्र्याची कॉईल हव्या त्या रुंदीत चिरतात, पट्टी रोलमधून जाता जाता गोल होते, दोन्ही कडा समोरासमोर आल्या की हाय फ्रिक्वेन्सी करंटने फक्त कडा तापतात आणि स्क्वीझ रोल त्यांना दाबून एक करतात, वेल्डिंग रॉड नाही की वायर नाही. म्हणजे उष्णता किंवा दाब कमी पडला तर शिवण, म्हणजे हाच जोड, नुसती चिकटून राहते आणि वरून काही कळत नाही. 50 एनबीच्या (नॉमिनल बोअर, पाईपचं नावापुरतं माप) वरच्या पाईपचा एक तुकडा कापून प्रेसमध्ये दाबून बघा, शिवण बाजूला ठेवून, वर किंवा खाली नाही. उंची पाऊणपट व्हायच्या आत शिवण उघडली तर तो माल घेऊ नका, डीलर कितीही ओळखीचा असो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते क्लासमध्ये. आयएस 1239 या स्टील पाईपच्या भारतीय मानकात लाईट, मीडियम, हेवी असे तीन प्रकार, पाईपवर पिवळा, निळा, लाल पट्टा असतो. 25 एनबी म्हणजे बाहेरून 25 मिमी नव्हे, 33.7 मिमी, क्लॅम्प आणताना पण लोक इथेच फसतात. याच मापात जाडी लाईटला 2.6, मीडियमला 3.2, हेवीला 4 मिमी. आता यावर आटे पाडले की साधारण दीड मिमी धातू निघून जातो, मग लाईटमध्ये उरलं किती? जेमतेम 1.1 मिमी. त्यात ठाण्या-नवी मुंबईची खाडीची दमट हवा, म्हणून सोसायटीच्या राइझरमध्ये (पाण्याच्या उभ्या लाईनमध्ये) गळती बघायला गेलात तर आधी आट्यांपाशी बघा, शिवणीवर नंतर. आटे पाडायचे असतील तर लाईट घेऊच नका हो, चार पैसे वाचवून भिंत फोडायची वेळ येते.

शिवण कुठे ठेवता त्यालाही महत्त्व आहे. आडव्या लाईनमध्ये ती तळाला आली की पाणी आणि गाळ तिथेच साचतो आणि काही पाईपमध्ये शिवणीच्या कडेने गंज चर पाडत जातो, म्हणून ती वरच्या अंगाला फिरवून बसवा. वाकवताना बेंडच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला नको, दोन्हीच्या मध्ये ठेवा.

रबाळे, महापेच्या शेडमध्ये आणखी एक दिसतं, जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाईप तसाच वेल्ड करायचा. जस्त 907 अंशाला उकळतं, स्टील वितळायला 1500 च्या आसपास लागतं, म्हणजे जोड बसायच्या आधी जस्ताचा धूर होतो, वेल्डमध्ये भोकं राहतात आणि वेल्डरला संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. जोडाजवळचं जस्त आधी काढा, हवा खेळती ठेवा, नंतर झिंक रिच पेंट लावा. काळा (जस्त नसलेला) पाईप वेल्ड करून मग गॅल्व्हनाईज करणार, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवणार असाल तर बंद टोकांना भोकं पाडल्याशिवाय पाठवू नका, आत ओल अडकली तर साधारण 450 अंशाच्या जस्तात तिची वाफ होऊन फ्रेम फुटते आणि वितळलेलं जस्त माणसांवर उडतं.

स्टीमचं काम मात्र वेगळं. 3.5 किलो प्रति चौरस सेंमीच्या वरचा दाब किंवा आतून 254 मिमीपेक्षा मोठी आणि 1 किलोच्या वर दाबाची लाईन आयबीआरमध्ये (बॉयलरच्या सरकारी नियमांत) येते, तिथे मार्केटमधला साधा पाण्याचा पाईप चालत नाही, आयबीआर सर्टिफिकेट लागतं. सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (स्टील कुठल्या घाण्यातलं ते सांगणारा) पाईपवर पंच केलेल्या नंबराशी जुळवा, आणि हे टेम्पो उभा असतानाच करा.