जुन्या शाळेचं काम काढताय? आधी कुठल्या खोलीला हात घालायचा ते ठरवा

आमच्या गावच्या झेडपीच्या शाळेसाठी दोन वर्षांपूर्वी लोकवर्गणी जमली, पुण्या-मुंबईच्या पोरांनी पण पैसे पाठवले, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून काय केलं तर एका खोलीला रंग दिला, बाहेरच्या भिंतीवर रेल्वेचा डबा काढून घेतला आणि आत मोठा टीव्ही लावला. जुलै महिन्यात त्याच खोलीतला स्लॅबचा ताटाएवढा पापुद्रा खाली आला. जेवणाची सुट्टी होती म्हणून बेंचवर फक्त दप्तर होतं. ते दप्तर माझ्या मुलीच्या मैत्रिणीचं, अजून तिच्या घरात तसंच ठेवलंय, कंपासपेटी पार चेपलेली.

मी सिव्हिल डिप्लोमा केलेला माणूस, रोज साईटवर असतो, आणि तरीपण तो स्लॅब वरून बघितला नव्हता, हे मला अजून टोचतं. त्यानंतर शाळा व्यवस्थापन समितीत गेलो आणि आजूबाजूच्या पाच-सहा शाळा फिरून बघितल्या. पैसे कधीच पुरत नाहीत, म्हणून कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर हे ठरवायची आमची पद्धत इथं लिहितोय, सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही शाळेला चालेल.

वय बघून नंबर लावू नका

सगळ्यात मोठी चूक इथंच होते. "इमारत १९३५ ची आहे, पाडा" आणि "ही तर नव्वद सालची, चांगली आहे", असं सरसकट बोललं जातं. मी फिरलो त्यातल्या निम्म्या ठिकाणी उलटं दिसलं. झेडपीच्या आधीच्या लोकल बोर्डाच्या काळातली काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली, मंगलोरी कौलाची खोली ताठ उभी, फक्त चार रीपा कुजलेल्या आणि कौलं वानरांनी फोडलेली. आणि तिच्या शेजारची नंतर बांधलेली स्लॅबची खोली, तिच्या सळया गंजून फुगलेल्या. सळई गंजली की जाड होते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते, मग वरून कितीही गिलावा मारा, तो सहा महिन्यांत परत सुटतो, आणि तोपर्यंत दोष झाकला जातो हे जास्त वाईट.

पण दगडी म्हणजे भक्कम असंपण धरून चालू नका. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या, १९९३ ला किल्लारीत पण तेच झालं. अशा भिंतीत आतला थर आणि बाहेरचा थर वेगळे असतात, मध्ये नुसता भराव, आरपार जाणारा दगडच नसतो. म्हणून जुन्या भिंतीला पहिला प्रश्न हा विचारा की दगड चुन्यात आहे का मातीत. दाराच्या बाजूला नाहीतर गिलावा पडलाय तिथं सांधा किल्लीनं खरवडून बघा, माती असेल तर भुगा होऊन हातात येतो. पाटण, कोयनानगरकडच्या शाळांनी तर हे पहिलं बघायचं, तो पट्टा भूकंपाच्या जास्त धोक्याचा आहे.

एक सकाळ काढा आणि खोली-खोली फिरा

इंजिनिअर येईल तेव्हा येईल, त्याच्या आधी मुख्याध्यापक, समितीतले दोन पालक आणि गावातला एक जुना गवंडी असे चौघं फिरा. गवंडी नक्की घ्या, त्याला कुठल्या सालात कुणी काय केलं ते माहीत असतं. जोरदार पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी फिरलात तर सगळं उघडं दिसतं.

बांबूनं स्लॅब खालून हळू ठोकत जा, पण डोक्यावर हेल्मेट घालून आणि पोरं बाहेर ठेवून. घट्ट जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी मडक्यासारखा पोकळ. पोकळ आला तिथं खडूनं गोल करा. भिंतीला तडा दिसला की त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारून तारीख लिहा, आणि तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्हीकडनं पीओपीनं चिकटवा. पट्टी तडकली म्हणजे भिंत अजून हलतीय. आमच्या एका खोलीत पट्टी १९ दिवसांत तडकली, त्याच्या आधी सगळे म्हणत होते हा तडा आम्ही शिकायला होतो तेव्हापासनं आहे. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत तिरके तडे जास्त दिसतात, ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिथं भिंत बुजवून उपयोग नाही, जोत्याभोवती पाणी मुरू न देणं हाच पहिला उपाय.

कौलारू असेल तर वाशांची टोकं बघा, जिथं वासा भिंतीत जातो तिथंच ओल आणि वाळवी धरते. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, लोण्यासारखा आत गेला तर तो वासा संपला. स्लॅबवर पाण्याची टाकी असेल तर तीपण लिहून घ्या, १००० लिटरची टाकी भरली म्हणजे १ टन वजन झालं, आणि ती बऱ्याचदा सगळ्यात ओल्या कोपऱ्यावरच ठेवलेली असते.

मार्क द्या, पण धोक्याची बेरीज करू नका

आम्ही पहिल्यांदा प्रत्येक खोलीला दहा मुद्द्यांवर मार्क दिले आणि बेरीज केली. मागची एक खोली, जिथं फक्त ११ पोरं बसायची, ती यादीत खाली गेली कारण पटसंख्येला आणि वापराला मार्क कमी. आणि खरं तर पडायला आलेली तीच खोली होती. तेव्हा कळलं की जिवाच्या धोक्याची बाकीच्या गोष्टींशी बेरीज करायचीच नाही. तो प्रश्न वेगळा, त्याला उत्तर फक्त हो किंवा नाही.

हो असेल तर त्याच दिवशी खोलीला कुलूप, दारावर कागद, आणि त्या बाजूच्या वऱ्हांड्यातनं जाणंयेणं बंद. वर्ग देवळात भरवा, समाजमंदिरात भरवा, दोन वर्ग एकत्र करा, पण निधी मंजूर होईपर्यंत तिथं पोरं बसवू नका. २१ ऑगस्ट २०१७ ला नगर जिल्ह्यात निंबोडीच्या शाळेत तीन लेकरं गेली, २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाडच्या पिपलोदीत सात गेली. दोन्ही पावसाळ्यातलेच दिवस.

कुलूप लावलेल्या खोल्या बाजूला काढल्यावर जे उरतं त्याला मार्क द्या, आणि प्रश्न तीनच ठेवा. हे काम एक वर्ष लांबवलं तर खर्च किती वाढेल? रोज किती पोरांना त्याचा त्रास होतो? आणि हे आपल्या हातातल्या पैशात होतं का? पहिल्या प्रश्नावर छपराचं आणि पाण्याचं काम कायम वर येतं आणि ते बरोबरच आहे. फुटलेली दहा कौलं वेळेत बदलली तर वासा वाचतो, वासा गेला तर छप्पर जातं, छप्पर गेलं की भिंतीत पाणी शिरतं. त्यामुळं छप्पर, पन्हाळी आणि आवारातलं पाणी बाहेर काढणारी चर ही तीन कामं रंग, फरशी, टीव्ही सगळ्याच्या आधी.

त्याच्या मागोमाग मुलींचं संडास-बाथरूम, पाण्यासकट. नुसती खोली बांधून नळ नसेल तर त्याला कुलूपच लागतं. सहावी-सातवीच्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, का पीत नाहीत हे आयांना विचारा, त्या सांगतील. मग वायरिंग, मग रॅम्प, त्याचा उतार १ फूट उंचीला १२ फूट लांबी असा, नाहीतर तो नुसता घसरगुंडीसारखा होतो आणि व्हीलचेअर चढत नाही. गॅसचं स्वयंपाकघर वर्गाला चिकटून असेल तर ते लांब न्यायचं काम वर घ्या. तमिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ ला शाळेच्या स्वयंपाकघरातनं आग लागून ९४ लेकरं गेली होती.

तुमची शाळा कुठल्या पट्ट्यात आहे

यादी सगळीकडं सारखी येणार नाही. महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळ्याच्या पश्चिमेला पाऊसच शत्रू, तिथं छप्पर आणि भिंतीची ओल. माण, जत, आटपाडीकडं पत्र्याखाली मार्च-एप्रिलमध्ये पोरं भाजून निघतात, तिथं पत्र्याखाली सीलिंग, झाडं आणि पिण्याच्या पाण्याची टाकी आधी. तिथं चांगली कौलं काढून पत्रा घालायची घाई कुणी केली तर अडवा.

आणि आमच्या कृष्णाकाठाला पूर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, ऑगस्ट २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. शाळेच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण कायमची रंगवून ठेवा आणि स्विचबोर्ड, कपाटं, पोषण आहाराचं धान्य सगळं तिच्या वर घ्या. नवीन खोलीचं जोतं किती उंच घ्यायचं हेपण त्याच रेषेवरनं ठरवा. पाणी ओसरल्यावर लगेच शाळा भरवू नका, मातीच्या भिंती पाणी उतरल्यावर वाळतानापण बसतात.

ऐतिहासिक इमारत असेल तर

साताऱ्यात राजवाड्यावरच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर या नावानं बाबासाहेबांचा प्रवेश झाला, आजचं प्रतापसिंह हायस्कूल, तिथल्या रजिस्टरला १९१४ नंबरला ती नोंद आहे आणि तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिन म्हणून होतो. प्रत्येक गावात एवढं मोठं नाव नसतं, पण शंभर वर्षांचं रजिस्टर असतंच. म्हणून जुन्या इमारतीत गवंडी शिरायच्या आधी माळ्यावरची रजिस्टरं खाली काढा. १९६७ च्या आधीच्या जातीच्या नोंदींसाठी, कुणबी नोंदींसाठी लोक याच रजिस्टरांसाठी हेलपाटे मारतात, आणि एका गळक्या कौलानं सगळ्या गावाचा पुरावा जातो. फोटो काढून स्कॅन करा, मूळ प्रत लोखंडी कपाटात, जमिनीपासून उंच.

इमारतीबद्दल माझं ठाम मत एवढंच की चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावू नका. चुना श्वास घेतो, आतली ओल बाहेर सोडतो. वरून सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, मग दगडाचा सांधा आतनं सुटत जातो आणि वर फुगे येतात. चुन्याचं काम करणारे कारागीर वाई, साताऱ्याकडं वाडे आणि देवळांच्या कामावर अजून भेटतात, विचारत गेलं की सापडतात. चुना सावकाश सुकतो त्यामुळं हे काम भर पावसात किंवा शाळा सुरू व्हायच्या आठ दिवस आधी काढू नका. आणि जुन्या भिंतींवर कौलं काढून स्लॅब टाकायचा सल्ला कुणी दिला तर लेखी मागा, त्या भिंतींना ते वजन पेलेल का याचा हिशोब कुणी केला ते विचारा.

पाडायचीच ठरली तर आधी सागवानी तुळया, दारं, घडीव दगड यांची मोजून यादी करा आणि ती ठरावात घ्या. नंतर कुठं गेले हे विचारत बसण्यापेक्षा हे सोपं.

कागद आणि कॅलेंडर

शिक्षण हक्क कायद्यानं शाळेचा विकास आराखडा करायचं काम शाळा व्यवस्थापन समितीचं आहे, तेव्हा तुमची यादी त्यातच घाला आणि समितीचा ठराव करा. मग मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, तिथनं पंचायत समितीच्या बांधकाम खात्याकडं. पडीक खोलीसाठी निर्लेखनाचा, म्हणजे ती सरकारी नोंदीतनं कमी करायचा, प्रस्ताव वेगळा लागतो, निर्लेखन झाल्याशिवाय ती पाडता येत नाही, म्हणून तो सगळ्यात आधी पाठवा. प्रत्येक अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का आणि आवक नंबर घ्या. आमचा एक अर्ज एका कार्यालयात आठ महिने सापडत नव्हता, आवक नंबर दाखवला तेव्हा दोन दिवसांत सापडला.

मोठ्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे ती किती भक्कम आहे याची इंजिनिअरकडनं तपासणी, मागाच. सांगलीत वालचंद कॉलेज आणि कराडला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, सिव्हिल विभागात जाऊन प्रत्यक्ष विचारा, आणि रिपोर्टमध्ये "दुरुस्ती आवश्यक" एवढं मोघम वाक्य न घेता खोलीनिहाय लिहून घ्या.

पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरतं, ३० पोरांपर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. त्यात कौलं, पन्हाळी, नळ, वायरिंगची डागडुजी बसते. संडास आणि पाणी ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे पाणी-स्वच्छतेसाठीच राखलेल्या, निधीतनं मागा. नवीन खोल्या आणि मोठी दुरुस्ती जिल्हा नियोजन समितीकडनं. लोकवर्गणी मात्र ज्याला सरकारी खर्चाचं हेड सापडत नाही त्यालाच ठेवा, उदाहरणार्थ ऑडिटची फी किंवा चुन्याच्या कामातला फरक.

फिरणं जुलै-ऑगस्टमध्ये, ठराव आणि अंदाजपत्रक दिवाळीच्या आत, म्हणजे मार्च एंडच्या गडबडीत तुमची फाईल तयार असते. काम मे महिन्यात, आणि मृग लागायच्या आधी छपराला शेवटचा हात फिरलेला पायजे. आम्ही यावर्षी तसंच केलं. मागच्या खोलीचं निर्लेखन झालं, स्लॅबच्या दोन खोल्या सळई साफ करून दुरुस्त केल्या, कौलारू खोलीचे सहा वासे बदलले. टीव्ही अजून ऑफिसात गुंडाळून ठेवलाय, पहिला मोठा पाऊस झाला की परत बांबू घेऊन फिरणार, कुठं पोकळ आवाज आला नाही तरच तो भिंतीवर लावणार.