कस्टम रॉम टाकल्यावर ‘प्ले सर्व्हिसेस थांबत आहे’ हा एरर जातच नाहीये? आधी कारण शोधा, मग फ्लॅश करा

फोन धडधाकट आहे, पण कंपनीने अपडेट देणं केव्हाच बंद केलंय. म्हणून तुम्ही त्यावर लिनिएज ओएस ही कस्टम रॉम, म्हणजे कंपनीबाहेरच्या लोकांनी बनवलेली अँड्रॉइड सिस्टीम, टाकली (यालाच फ्लॅश करणं म्हणतात). फोन चालू झाला, स्वागताचा स्क्रीन आला, भाषा निवडली आणि लगेच मधोमध खिडकी उघडली: गुगल प्ले सर्व्हिसेस सारखी थांबत आहे. ‘ॲप बंद करा’ दाबलं की क्षणभर शांतता, मग पुन्हा तेच. यावर बहुतेक जण आधी कॅशे पुसतात, मग फोन रीस्टार्ट करतात आणि शेवटी वैतागून तीच फाइल त्याच क्रमाने परत टाकतात. एररही अर्थातच परत येतो.

यात रॉमचा दोष फार क्वचित असतो. लिनिएज ओएसमध्ये गुगलची ॲप्स मुळातच नसतात. २०१६च्या अखेरीस सायनोजेनमॉड ही जुनी कस्टम रॉम बंद पडल्यावर त्यातूनच हा प्रकल्प उभा राहिला आणि गुगलची ॲप्स वेगळ्या पॅकेजमधून टाकायची ही पद्धतही त्याच्यासोबत आली. त्या पॅकेजला सगळे गॅप्स म्हणतात. म्हणजे तुमच्या फोनवर दोन वेगळ्या लोकांनी बनवलेल्या दोन गोष्टी एकत्र नांदायच्या आहेत, आणि भांडण बहुतेक वेळा तिथेच असतं. गॅप्स चुकीच्या अँड्रॉइडची असतात, चुकीच्या प्रोसेसरची असतात, उशिरा टाकलेली असतात, नाहीतर जुना डेटा नीट फॉरमॅट केलेला नसतो. यातलं तुमच्याकडे काय झालंय ते ठरवल्याशिवाय काहीही पुसू नका.

फाइलची नावं नीट वाचा

डाउनलोड केलेल्या दोन्ही फाइलची नावं कागदावर उतरवून घ्या. पोको एफ१साठीची रॉम असेल तर नावात लिनिएज, २१.०, तारीख, नाइटली आणि बेरिलियम असे तुकडे दिसतील. बेरिलियम हे त्या फोनचं कोडनेम, म्हणजे बाजारातल्या नावाहून वेगळं, आतलं नाव. गॅप्सच्या फाइलवर माइंड द गॅप्स (हे गॅप्सचं एक पॅकेज), १४.०.०, एआरएम६४ असं काहीतरी असेल.

इथे आकड्यांचा घोळ होतो. लिनिएज २१ला अँड्रॉइड २१ची गॅप्स कुठे मिळतात ते शोधत बसू नका, तशी नसतातच. रॉमच्या आकड्यातून सात वजा केले की अँड्रॉइडचा आकडा मिळतो. २०ला १३, २१ला १४, २२ला १५. जुन्या १८.१लाही हेच लागू आहे, तिथे अँड्रॉइड ११. गॅप्सचा आकडा या उत्तराशी जुळत नसेल तर चोर सापडला, पुढचं वाचण्याआधी योग्य फाइल उतरवून घ्या.

एआरएम (३२ बिट) आणि एआरएम६४ (६४ बिट) यांतला फरकही तपासा. प्रोसेसर ६४ बिटचा असूनही काही फोनांवरची रॉम ३२ बिटचीच असते, आणि गॅप्स निवडताना रॉम काय आहे तेच महत्त्वाचं. रॉमच्या पानावर हे लिहिलेलं असतं. फोनच्या खोक्यावर छापलेल्या माहितीवरून अंदाज बांधू नका.

कोडनेमबद्दल आपल्याकडच्या शाओमीवाल्यांनी जास्तच सावध राहायला हवं. २०१८ साली भारतात रेडमी नोट ५ म्हणून जो फोन विकला गेला, त्याचं कोडनेम विन्स. बाहेरच्या देशांत रेडमी नोट ५ या नावाने विकला गेलेला फोन वेगळाच, त्याचं कोडनेम व्हायरेड, आणि तो आपल्याकडे नोट ५ प्रो म्हणून आला. एकात स्नॅपड्रॅगन ६२५, दुसऱ्यात ६३६. परदेशी व्हिडिओ बघून ‘नोट ५ची रॉम’ उतरवली की गाडी थेट दुसऱ्याच गावाला. म्हणून फोनचं बाजारातलं नाव विसरा आणि कोडनेमनेच शोधा.

फाइल अर्धवट उतरली असेल तर तीही असाच त्रास देते. डाउनलोडच्या पानावर एसएचए२५६ची, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे का ते ओळखायची, लांबलचक रांग दिलेली असते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल -हॅशफाइल, मग फाइलचं नाव, मग एसएचए२५६ असं टाइप केलं (अर्थात रोमन अक्षरांत: certutil -hashfile फाइलचं नाव SHA256) की तुमच्याकडच्या फाइलची रांग दिसते. दोन्ही सारख्या हव्यात.

फोनलाच विचारा काय बिघडलंय

नावं जुळत असतील तर लॉग, म्हणजे फोन स्वतःच ठेवतो ती घडामोडींची नोंद, बघायचा. हा भाग लोक टाळतात, आणि खरं उत्तर नेमकं इथेच असतं.

सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ उघडा आणि बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा. डेव्हलपर पर्याय उघडतील, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करा. फोन केबलने कॉम्प्युटरला जोडा, फोनवर परवानगीची खिडकी येईल तिला होकार द्या. कॉम्प्युटरवर गुगलचे प्लॅटफॉर्म टूल्स असलेल्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून एडीबी लॉगकॅट -बी क्रॅश (adb logcat -b crash) ही कमांड द्या. एडीबी म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणारं साधन. नुसतं लॉगकॅट दिलं तर ओळींचा पूर येतो. ‘-बी क्रॅश’मुळे फक्त बंद पडलेल्या ॲप्सच्या नोंदी दिसतात.

आता ‘फेटल एक्सेप्शन’ असं लिहिलेली ओळ शोधा. तिच्या खालच्या ओळीत प्रोसेसचं नाव असतं. शेवटी जीएमएस असलेलं नाव म्हणजे प्ले सर्व्हिसेस. त्याच्या खालच्या ओळीत कारण सापडतं:

- सिक्युरिटी एक्सेप्शन आणि सोबत परमिशन असा शब्द दिसला, तर गॅप्सना हव्या त्या परवानग्या मिळालेल्या नाहीत. गॅप्स उशिरा टाकली किंवा डेटा जुना राहिला, या दोन्हींत हे होतं.
- अनसॅटिस्फाइड लिंक एरर दिसला तर ३२ आणि ६४ बिटची गल्लत.
- नो सच मेथड किंवा नो क्लास डेफ फाउंड दिसलं तर अँड्रॉइडची आवृत्ती जुळत नसल्याचा संशय आधी घ्या.

यातलं पहिलं कारण सगळ्यांत जास्त भेटतं. सिस्टीममधल्या ॲप्सना लागणाऱ्या परवानग्या अँड्रॉइड पहिल्यांदा चालू होतानाच वाटून टाकतं. ‘आधी रॉम चालते का बघू, मग गॅप्स टाकू’ असा शहाणपणा केला की गॅप्स येतात तेव्हा पंगत उठलेली असते. सेटिंग्जमध्ये जाऊन प्ले सर्व्हिसेसला हाताने सगळ्या परवानग्या दिल्या तर कधी कधी थोडा वेळ बरं वाटतं, पण काही परवानग्या त्या यादीत दिसतच नाहीत. म्हणून हा उपाय मी कुणाला सांगत नाही.

आता पुन्हा टाका, पण या क्रमाने

फोनमधलं सगळं पुसलं जाणार आहे. फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप कॉम्प्युटरवर काढून घ्या. गुगल खातं जोडलेलं असेल तर रीसेटआधी ते सेटिंग्जमधून काढा, नाहीतर नंतर फोन त्याच खात्याचा पासवर्ड मागत अडून बसेल. बॅटरी निम्म्याहून वर असू द्या, आणि यूएसबी हब न वापरता केबल थेट कॉम्प्युटरला लावा.

१. फोन बंद करून लिनिएज रिकव्हरीत, म्हणजे सिस्टीम टाकण्या-पुसण्यासाठीच्या वेगळ्या मेनूत, जा. ‘फॅक्टरी रीसेट’ आणि त्यात ‘फॉरमॅट डेटा’ निवडा. टीडब्ल्यूआरपी ही दुसरी रिकव्हरी वापरत असाल तर नुसतं ‘वाइप’ पुरत नाही. ‘फॉरमॅट डेटा’मध्ये जाऊन ‘यस’ टाइप करावं लागतं. जुन्या सिस्टीमचं एनक्रिप्शन फक्त त्यानेच जातं.

२. मुख्य मेनूत परत या. ‘अप्लाय अपडेट’, मग ‘अप्लाय फ्रॉम एडीबी’. कॉम्प्युटरवर एडीबी साइडलोड (adb sideload) आणि पुढे रॉमच्या फाइलचं नाव द्या, म्हणजे ती फाइल केबलमधून फोनवर जाऊन बसते.

३. कॉम्प्युटरवर आकडा कधी कधी ४७ टक्क्यांवरच थांबून काम संपल्यासारखं दिसेल. घाबरून केबल ओढू नका. फोनच्या स्क्रीनवर इन्स्टॉल यशस्वी झाल्याचं दिसलं की झालं. ‘फेल्ड टु रीड कमांड: सक्सेस’ अशी विनोदी ओळ आली तरी ती चालते.

४. आता फोन चालू करायचा नाही. तुमचा फोन दोन स्लॉटवाला, म्हणजे सिस्टीमसाठी दोन जागा असलेला, असेल (शाओमीचा ‘मी ए१’, वनप्लस ६ हे तसे आहेत), तर ‘ॲडव्हान्स्ड’मधून ‘रीबूट टु रिकव्हरी’ करा. रॉम ज्या स्लॉटमध्ये गेली तिथे जाण्यासाठी हे लागतं, नाहीतर गॅप्स दुसऱ्याच स्लॉटमध्ये जाऊन बसतात. नव्या लिनिएज रिकव्हरीत हा प्रश्न आपोआप विचारला जातो, त्याला ‘हो’ म्हणा. रेडमी नोट ४ किंवा नोट ५ प्रोसारख्या एकाच स्लॉटच्या फोनला ही पायरी लागत नाही. शंका असेल तर फोन फास्टबूटमध्ये (सिस्टीम चालू न करता कॉम्प्युटरकडून आज्ञा घेणारा मोड) असताना फास्टबूट गेटव्हार करंट-स्लॉट (fastboot getvar current-slot) ही कमांड द्या. उत्तरात ए किंवा बी आलं तर दोन स्लॉट आहेत.

५. पुन्हा ‘अप्लाय फ्रॉम एडीबी’ करून गॅप्स साइडलोड करा. ‘सिग्नेचर व्हेरिफिकेशन फेल्ड’ असा इशारा येईल. गॅप्सवर लिनिएजची सही नसते म्हणून तो येतो. फाइल तुम्ही मूळ ठिकाणाहून घेतली असेल आणि एसएचए२५६ जुळलं असेल तर ‘यस’ दाबून पुढे जा.

६. आता ‘रीबूट सिस्टीम नाउ’. पहिल्या वेळी पंधरा मिनिटांपर्यंत लागू शकतात. त्याहून जास्त वेळ लोगोच फिरत राहिला तर वरची एखादी पायरी सुटली आहे, आणि ती बहुधा पहिली असते.

रिकव्हरीतच अडलं तर

टीडब्ल्यूआरपीमध्ये एरर ७ आला की त्याच्या वरची ओळ वाचा. ‘हे पॅकेज अमुक फोनसाठी आहे, हा फोन तमुक आहे’ असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं, किंवा फोनचं मूळ फर्मवेअर (कंपनीचं, हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) जुनं असल्याची तक्रार असते. झिप उघडून तपासणीच्या ओळी खोडून टाका, असा सल्ला देणारे व्हिडिओ ढीगभर आहेत. तो मानू नका. ती तपासणी चुकीच्या फोनवर चुकीची रॉम जाऊ नये म्हणूनच ठेवलेली असते. फर्मवेअर जुनं असेल तर ते अपडेट करा, रिकव्हरी जुनी असेल तर ती बदला.

जुन्या फोनवर ओपन गॅप्स हे गॅप्सचं दुसरं पॅकेज टाकताना एरर ७० आला तर सिस्टीम पार्टिशनमध्ये जागा नाही. पिको नावाचं सगळ्यांत लहान पॅकेज घ्या. त्याच पॅकेजचा एरर ६४ म्हणजे प्रोसेसर जुळत नाही, आणि एरर २० म्हणजे अँड्रॉइड जुळत नाही.

महिनोन्महिने नीट चाललं आणि मग सुरू झालं

हा प्रकार वेगळा. लिनिएजच्या अपडेटरमधून येणारी नेहमीची अपडेट्स गॅप्सना धक्का लावत नाहीत. पण २० वरून २१वर गेलात, म्हणजे अँड्रॉइडच बदललं, तर जुनी गॅप्स चालत नाहीत. नवी रॉम साइडलोड केल्यावर फोन चालू करण्याआधीच नवी गॅप्सही टाकायची असतात. तेवढं राहून गेलं असेल, तर डेटा पुसण्याआधी रिकव्हरीत जाऊन तीच नवी रॉम आणि जुळणारी गॅप्स लागोपाठ टाकून बघा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर मग फॉरमॅट आहेच.

प्ले स्टोअरमध्ये ‘हे डिव्हाइस प्रमाणित नाही’ असं येत असेल तर त्याचा या क्रॅशशी संबंध नाही. गुगलच्या अप्रमाणित डिव्हाइसच्या पानावर फोनचा आयडी नोंदवला की साधारणपणे साइन-इन होतं. मात्र बँकेची आणि यूपीआयची काही ॲप्स त्यानंतरही चालायला नकार देऊ शकतात, कारण ती गुगलच्या प्ले इंटिग्रिटी या सेवेकडून फोनची तपासणी करून घेतात आणि अनलॉक केलेला बूटलोडर (सिस्टीम चालू करणारा प्रोग्रॅम, कस्टम रॉमसाठी त्याचं कुलूप काढावं लागतं) तिथे पकडला जातो. घरात एकच फोन असेल आणि रोजचे पैशाचे व्यवहार त्याच्यावरच चालत असतील, तर त्या फोनवर कस्टम रॉम टाकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या, पडून असलेल्या फोनवर खुशाल टाका.

मूळ सिस्टीमवर परत जायचं असेल तर

दुकानात ‘सॉफ्टवेअर मारून’ मिळतं, घरीही करता येतं. शाओमीच्या फोनांसाठी दोन गोष्टी पाहा. अँटी-रोलबॅक, म्हणजे जुन्या आवृत्तीवर जाऊ न देणारी तजवीज, असलेल्या फोनवर आधीपेक्षा जुनी एमआययूआय (शाओमीची मूळ सिस्टीम) टाकली तर फोन कायमचा आडवा होऊ शकतो, म्हणून आधीच्याच किंवा नव्या आवृत्तीची फास्टबूट रॉम घ्या. आणि शाओमीच्या ‘मी फ्लॅश’ या प्रोग्रॅममध्ये तळाशी ‘क्लीन ऑल अँड लॉक’ हा पर्याय आधीपासूनच निवडलेला असतो. तो बदलून ‘क्लीन ऑल’ करा. दुसऱ्या देशासाठी बनवलेल्या फोनवर चुकीच्या प्रदेशाची रॉम जाऊन बूटलोडर लॉक झाला, तर फोन ‘ही एमआययूआय या फोनवर चालणार नाही’ असं सांगून रिकव्हरीतच अडकतो, आणि पुन्हा अनलॉक करायला कंपनीच्या परवानगीची आणि अनेकदा १६८ तासांची वाट बघावी लागते. फोन चालू झाला की सगळ्यांत आधी *#०६# डायल करून आयएमईआय दिसतोय ना ते पाहा, मग सिम घाला.