संस्थेसाठी घर पणाला लावू नका: या चुका टाळा

कोल्हापुरात संस्था काढायला माणसे कधी कमी पडली नाहीत. पेठेगणिक तालीम आहे, गल्लीगणिक तरुण मंडळ आहे, शिवाय वाचनालये, अभ्यासिका, गिर्यारोहकांचे गट, महिला मंडळे आणि महापुरानंतर उभी राहिलेली मदतपथके आहेत. कमी आढळतात ती दहा वर्षे संस्था चालवूनही ज्यांचे घर आणि नोकरी या दोन्ही ठिकाणी बरे चालले आहे अशी माणसे. हिशेब आणि कागदपत्रे मार्गी लावण्याच्या निमित्ताने माझा अनेक कार्यकारिणींशी संबंध येतो, आणि बहुतेक ठिकाणी एक थकलेला चिटणीस भेटतो. त्याच्या थकण्याचा दोष लोक त्याच्याच स्वभावाला देतात. त्याला नाही म्हणता येत नाही, त्याला सगळे स्वतःच करण्याची खोड आहे, असे म्हणून मोकळे होतात. मला हे मान्य नाही. त्याने थकावे अशीच त्या संस्थेची घडण झालेली असते, आणि ती घडण पुढे सांगितलेल्या चुकांतून होते.

सगळ्या किल्ल्या एकाच्याच खिशात

शहरातील एका पेठेत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालवणारी एक संस्था आहे. तिचे चिटणीस औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळीने कामाला जात. पावतीपुस्तके, वीजबिले, शिक्का आणि बँकेचे पासबुक हे सारे त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या कापडी पिशवीत असे, आणि ते कामावर असताना कोणी वर्गणी द्यायला आले तर त्यांच्या पत्नी कणकेचे हात धुऊन पावती फाडत. बँकेचा ओटीपी त्यांच्या मोबाईलवर येई आणि ऑनलाइन कामांचे पासवर्ड त्यांच्या डोक्यात असत. अध्यक्ष सत्कारापुरते आणि खजिनदार हिशेबावरील सहीपुरते उरले होते. हे वर्षानुवर्षे सुरळीत चालले आहे असे सर्वांना वाटत होते. मग मुलीचे लग्न, कारखान्यातील बढती आणि संस्थेचे ऑडिट एकाच महिन्यात आले. त्याच महिन्यात कार्यकारिणीच्या बैठकीत कोणीतरी 'यंदा अहवाल एवढा उशिरा का?' असे विचारले, तेव्हा त्या गृहस्थांनी काही न बोलता पिशवी टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कोणाचा फोन घेतला नाही.

पिशवीत कागद मिळाले, पण बँकेतून पैसे काढता येईनात. खात्यावर सह्या होत्या त्या चिटणीसांच्या, पुण्याला स्थायिक झालेल्या माजी अध्यक्षांच्या आणि एका दिवंगत सभासदाच्या. नव्या सह्या नोंदवण्यासाठी बँकेने नव्या कार्यकारिणीची धर्मादाय कार्यालयातील नोंद मागितली, आणि त्यात वावगे काहीच नव्हते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त, म्हणजे संस्थेच्या बाबतीत कार्यकारिणीचे सदस्य, बदलले की ९० दिवसांत तसा चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. येथे दोन निवडणुका होऊन गेल्या होत्या आणि एकही बदल कळवलेला नव्हता. दोन्ही वेळचे रिपोर्ट विलंबमाफीच्या अर्जासह करायचे म्हणून जुन्या सभांच्या नोटिसा आणि प्रोसिडिंगची वही शोधण्यात आठवडे गेले. तोवर वीजबिल थकून जोडणी तुटली, आणि परीक्षा तोंडावर आलेली मुले संध्याकाळी जिन्यात चार्जिंगचा दिवा लावून वाचत बसलेली मी पाहिली. शेवटी एका सभासदाने पदरचे पैसे भरून वीज सुरू केली. संस्थेचे पैसे बँकेत होतेच. या सगळ्या काळात लोकांनी नावे ठेवली ती चिटणीसांनाच.

अशा संस्थांना मी जे करायला लावतो ते फार शास्त्रशुद्ध नाही, पण उपयोगी पडते. संस्थेच्या कामासाठी वेगळे सिमकार्ड घ्यावे आणि ते साध्या बटणांच्या फोनमध्ये घालून संस्थेच्या कपाटात ठेवावे. बँकेचा निरोप त्यावरच यावा, म्हणजे तो निरोप कोणाच्या जेवणाच्या ताटापर्यंत येत नाही. खात्यावर तीन सह्या असाव्यात आणि त्यांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने व्यवहार व्हावा. प्रत्येक कामाला एक जोडीदार नेमावा आणि वर्षातून एक महिना ते काम मुद्दाम त्या जोडीदाराकडे सोपवावे, कारण नुसते नाव लिहून ठेवलेला जोडीदार आयत्या वेळी काही कामाचा नसतो. निवडणुकीच्या सभेत चेंज रिपोर्टचे कागद मी आधीच भरून नेतो आणि चहा येण्यापूर्वी जुन्या आणि नव्या दोन्ही विश्वस्तांच्या सह्या घेतो. चहा झाला की माणसे पांगतात, आणि मग त्याच सह्यांसाठी चिटणीसाला दारोदार फिरावे लागते. 'सह्या काय, घेऊ नंतर' असे म्हणणाऱ्यांविषयी मला आता सहनशक्ती उरलेली नाही.

पंचांग समोर असूनही धावपळ

दुसरी चूक वेळापत्रकाची आहे आणि कोल्हापुरात ती अधिक बोचते. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी चढते, भाद्रपदात गणपती येतात, आणि पाठोपाठ अंबाबाईचा नवरात्रोत्सव सुरू होतो. या तिन्ही वेळी राबणारी माणसे तीच असतात. त्यात नोंदणीकृत संस्थेचे हिशेब ३१ मार्चला बंद होतात आणि त्यांचे ऑडिट सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हावे लागते. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला आली होती. विसर्जनाची मिरवणूक आपल्याकडे दुसऱ्या दिवसापर्यंत चालते हे लक्षात घेता, ज्या खजिनदारांनी ऑडिट शेवटच्या आठवड्यावर ढकलले होते त्यांना बिले लावायला नेमके किती तास उरले असतील याचा हिशेब वाचकांनीच करावा. ऑडिट मे महिन्यात उरकून घ्यावे. सुट्टीचा महिना असतो, पाऊस नसतो, आणि सप्टेंबरच्या अखेरीस ज्यांना मान वर करायला फुरसत मिळत नाही ते सनदी लेखापाल मे महिन्यात शांतपणे बोलतात. पावत्या महिन्याच्या महिन्याला पाकिटात घालून वर महिन्याचे नाव लिहिले असेल, तर लहान संस्थेच्या ऑडिटची तयारी एका रविवारात होते.

नोकरीतील रजाही याच रीतीने मागावी. गणेशोत्सवाची तारीख कॅलेंडर छापले की कळते; असे असताना चतुर्थीच्या आदल्या दिवशी साहेबांपुढे उभे राहून रजेसाठी गयावया करणारा कार्यकर्ता स्वतःची आणि मंडळाची दोघांचीही पत घालवतो. मी जानेवारीतच प्रत्येकाला विचारतो की या वर्षी तुम्ही गणपती, पूर आणि नवरात्र यांपैकी कोणते एक घेणार. तिन्ही घेतो म्हणणाऱ्याला मी एकच देतो, आणि त्याला त्याचा राग आला तरी चालतो.

पुराच्या कामात तर उत्साहाने जितके नुकसान होते तितके आळसाने होत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत तरुणांनी जिवापाड काम केले, यात शंका नाही. परंतु पहिल्या दोन रात्री जागून काढलेली मुले तिसऱ्या दिवशी चिडचिडी होतात, एकमेकांशी भांडतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी झोपी जातात. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. धावपळ बहुधा ४३ फुटांनंतर सुरू होते. पाळ्यांची यादी मात्र ३९ फुटांवर लागली पाहिजे. त्या यादीत आठ तासांपेक्षा मोठी पाळी नसावी आणि रात्रपाळी केलेल्याला दुसऱ्या दिवशी सक्तीने घरी पाठवावे. सुतारवाड्यात किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, म्हणजे पुराचे पाणी शिरते अशा भागात, ज्याचे स्वतःचे घर आहे त्याचे नाव यादीत नसावे. घरातील पिंपे आणि अंथरुणे वरच्या मजल्यावर न्यायची सोडून दुसऱ्याच्या गल्लीत होडीवर उभा राहिलेला कार्यकर्ता फोटोत शोभून दिसतो, पण त्याची आई ते विसरत नाही.

घरच्यांचा वेळ संस्थेच्या खात्यावर

कार्यकर्ता संस्थेला वेळ देतो असे आपण म्हणतो. तो वेळ बहुतेकदा त्याच्या बायकोचा असतो. मुलांचा अभ्यास, सासऱ्यांचा दवाखाना, गॅसचा नंबर लावणे ही त्याने सोडलेली कामे तीच करते, आणि वर्षातून एकदा हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमात तिला एक वाण देऊन संस्था उतराई होते. संस्थेतील स्त्री कार्यकर्त्यांचे गणित आणखी वाकडे असते, कारण त्यांच्या वाटची घरातील कामे सहसा कोणीच उचलत नाही. यावर माझ्याकडे मोठा तोडगा नाही. बैठक ज्या वेळी ठेवायची ती वेळ आधी सभासद स्त्रियांना विचारून ठरवावी, इतकेच मी आग्रहाने सांगतो. ती वेळ पुरुषांनाही मानवते असा अनुभव आहे.

बैठकीच्या वेळेविषयीच बोलायचे तर, जेवणे झाल्यावर साडेनऊला जमायचे, दहा वाजता सुरुवात करायची आणि बाराला कट्ट्यावर उभे राहून खरे निर्णय घ्यायचे, ही आपल्याकडील रीत तत्काळ बंद करावी. नोटिशीवर बैठक संपण्याची वेळ छापावी. मी त्या वेळेला उठतो, विषय अर्धवट राहिला तरी उठतो, आणि दोन-तीन बैठकांनंतर विषय आपोआप वेळेत संपू लागतात. रात्री नऊनंतर व्हॉट्सॲपवर आलेल्या मजकुराला उत्तर देऊ नये, आणि तेथे 'सर्वांना मान्य आहे ना?' असे विचारून मिळालेल्या अंगठ्यांना ठराव समजू नये.

काही चुका एक-दोन वाक्यांच्याच लायकीच्या आहेत. देणगीसाठी स्वतःच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड लावू नये. पुढे प्राप्तिकराची विचारणा झाली तर झोप तुमचीच उडते. नोंदणी नसलेल्या मंडळाने उत्सवाची वर्गणी धर्मादाय कार्यालयाच्या परवानगीशिवाय गोळा करू नये. दुसऱ्या संस्थेची घटना नाव बदलून उतरवून घेऊ नये, कारण मूळ संस्थेची पंधरा जणांची कार्यकारिणी आणि तिची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, तुमच्या सात जणांना कायमची छळते.

नवख्यांची घाई

सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था नोंदवायला सात माणसे पुरतात, आणि नवख्यांचा घोटाळा येथेच होतो. सात सह्या मिळाल्या म्हणजे सात काम करणारे मिळाले असे ते धरून चालतात. यांना महिन्याभरात लेटरहेड हवे असते, दुसऱ्या महिन्यात देणगीदारांना प्राप्तिकरात सवलत मिळावी म्हणून ८०जी हवे असते, आणि सहाव्या महिन्यात यांच्यापैकी कोण दिसतो हे पाहिले तर उत्तर ठरलेले असते. नोंदणीबरोबर दरवर्षाचे ऑडिट, कार्यकारिणीची यादी आणि चेंज रिपोर्ट हे काम येते, आणि संस्थेने एकही कार्यक्रम केला नाही तरी ते टळत नाही. आधी एक वर्ष नोंदणीशिवाय, लोकांकडून वर्गणी न मागता, आपापल्या खिशातून एखादा लहान उपक्रम चालवून पाहावा. वर्षाअखेर जितके जण टिकतील तितक्यांच्याच बळावर पुढचे ठरवावे. नव्या सभासदालाही पहिल्या वर्षी एकच काम द्यावे. 'काहीही सांगा, करतो' असे म्हणणारा माणूस बहुधा दिवाळीनंतर दिसेनासा होतो.

पगार कशाला, असे विचारणारे देणगीदार

स्वयंसेवी संस्थेत सगळेच फुकट झाले पाहिजे हा समज देणगीदारांनी पोसला आहे आणि कार्यकारिणींनी तो निमूटपणे स्वीकारला आहे. मांडवाला, ध्वनिक्षेपकाला आणि हारतुऱ्यांना पैसे देताना कोणी विचारत नाही, परंतु हिशेब लिहिण्यासाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी एखाद्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला मानधन द्यायचे म्हटले की चर्चा होते. हे मानधन ठरावात घ्यावे, हिशेबात उघड दाखवावे आणि सर्वसाधारण सभेत खजिनदाराने स्वतः वाचून दाखवावे. एका संस्थेच्या देणगीदाराने यावरून मला 'मग सेवा कसली?' असे विचारले होते. त्यांना मी दोन संध्याकाळी येऊन रोकडवही लिहिण्याची विनंती केली. ते आले नाहीत, पण देणगी मात्र त्यांनी पूर्वीइतकीच पाठवली, आणि त्या वर्षीपासून तेथील खजिनदार मंगळवारी आणि शुक्रवारी घरी जेवतात.