घटस्फोटात कर्जाच्या फ्लॅटची वाटणी

परस्पर संमतीच्या घटस्फोटात बहुतेक भांडण फ्लॅटवर अडतं, आणि फसगत होते ती कर्जावर. न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूम बँकेवर बंधनकारक नसतो. ‘हप्ते पती भरेल’ एवढंच लिहिलं आणि त्याने ते थकवले, तर सहकर्जदार पत्नीचाही सिबिल स्कोअर (कर्जफेडीचा गुणांक) पडतो, वसुलीची नोटीस तिलाही येते.

म्हणून आधी वाटणीच्या तारखेला किती कर्ज फेडायचं बाकी आहे, ते बँकेकडून लेखी घ्या. किंमत मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून काढा. रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर हा बाजारभाव नव्हे. बाजारभाव 80 लाख, बाकी कर्ज 30 लाख असेल, तर वाटायचे 50 लाख. हिंदू विवाह कायद्यात निम्म्या-निम्म्याचा नियम नाही. कोणी किती भरलं हे बँक स्टेटमेंटवरून मांडा. घर सांभाळण्यासाठी नोकरी सोडलेल्या जोडीदाराचा वाटाही त्यात धरा, तो स्टेटमेंटमध्ये दिसत नाही. स्त्रीधन या हिशेबात आणूच नका, ते तिचंच आहे.

फ्लॅट ठेवणाऱ्याच्या एकट्याच्या उत्पन्नावर कर्ज बसतं का, हे सहीआधी बँकेला विचारा. बसत नसेल तर विकून टाकणंच बरं. बसत असेल तर संमतीपत्रात रक्कम, तारीख, सहकर्जदाराचं नाव वगळण्याची मुदत आणि ती चुकल्यास विक्री, असं स्पष्ट लिहा. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा; मुद्रांक शुल्क कोण भरणार तेही आधीच ठरवा. सोसायटीच्या भाग प्रमाणपत्रावरचं (शेअर सर्टिफिकेट) नाव मात्र अनेकदा बदलायचं राहून जातं.