हाड मोडलंय? या चुका टाळा

यावलकडच्या केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत पाय अडकून आत्या हात टेकून पडली. मनगट टम्म सुजलं. जमलेल्यांपैकी एकीने तेलाची वाटीच आणली. पहिली चूक हीच.

हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं आणि त्या गाठीतूनच नवं हाड धरायला लागतं. चोळलं की टोकं सरकतात. कोपराला तर चोळून चोळून स्नायूतच हाड धरू शकतं आणि कोपर कायमचं आखडू शकतं.

दुसरी चूक जास्त घातक: बांबूच्या कामट्या लावून गच्च बांधणं. सूज पहिले दोन दिवस वाढतच असते, पट्टी मात्र ढिली होत नाही. बोटं बधिर किंवा निळी पडली, सरळ करताना जीव जाईल अशी कळ आली, तर 'सकाळी बघू' म्हणू नका. काही तासांत स्नायू मरतात. प्लास्टर गच्च झालं तरी हेच. आत खाज सुटली म्हणून सुई खुपसू नका, जखम चिघळते.

दुखणं थांबलं म्हणजे हाड जुळलं, असं नाही. दोन-तीन आठवड्यांनी तिथे असते ती मऊ कुर्चा, नाकाच्या शेंड्यात असते तशी; पक्कं हाड नव्हे. मनगटाला साधारण सहा आठवडे लागतात, नडगीला तीन-चार महिने. तोवर प्लास्टरबाहेरची बोटं हलवत राहा. तंबाखू, विडी बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, हाड उशिरा जुळतं.

लहान मुलांचं हाड लवकर जुळतं, हे खरं. पण त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची पट्टी असते. तिला मार लागला तर हात वाकडा किंवा आखूड राहू शकतो.

आत्या साठीची. नुसत्या पडण्याने मनगट मोडलं, म्हणजे हाड बहुधा आधीच पोकळ झालेलं. तिशीपर्यंत हाडांची शिल्लक साठते, पाळी गेल्यावर ती झपाट्याने घटते. अशा वेळी हाडांची घनता तपासून घ्या. खान्देशात ऊन ४५ अंशांवर जातं, तरी 'ड' जीवनसत्त्व कमी पडू शकतं. शेतात बाया डोक्यापासून मनगटापर्यंत झाकलेल्या असतात, त्वचेला ऊन लागणार कुठून?

आणि केळी! आमच्याकडे कशावरही केळीच खायला देतात. शंभर ग्रॅम केळ्यात कॅल्शियम जेमतेम ५ मिलिग्रॅम, तेवढ्याच नागलीत (नाचणीत) सुमारे ३५०.

प्लास्टर निघालं तेव्हा आत्याचं मनगट लाकडासारखं झालं होतं. भाकरी थापायला आणखी दीड महिना गेला.